डिस्क आत गेली, पुढे काहीच झालं नाही

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही सगळे गोव्यात फोंड्याजवळच्या गावी मामांच्या घरी जमतो. गेल्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर मामांनी कपाटातून एक डीव्हीडी काढून माझ्या हातात दिली. 2009 च्या जत्रेत गावच्या मंडळींनी देवळापुढच्या मंडपात नाटक केलं होतं, त्याचं ते चित्रण. मामांची त्यात भूमिका होती आणि पहिल्या रांगेत नऊवारीतली आजी बसलेली दिसते. आजीचं चालतंबोलतं असं दुसरं काहीच आमच्याकडे नाही.

जुना कॉम्प्युटर होता तोवर डिस्क आत सारली की नाटक आपलं आपण सुरू व्हायचं. आता लॅपटॉप नवा आहे, त्यात डिस्कला जागाच नाही, म्हणून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह घेतलेला. डिस्क घातली, ड्राइव्ह घरघरला, दिवा लुकलुकला आणि मग सगळं शांत. मामांनी तो एका दुकानात नेऊन दाखवला होता. तिथे ड्राइव्ह बाद झाल्याचं सांगून त्यांना दुसरा विकला. दुसऱ्यानेही तेच केलं, तेव्हा मामांनी मनाशी धरलं की डिस्कच गेली. "बघ रे, काही उरलंय का तिच्यात," एवढंच म्हणाले.

डिस्क शाबूत होती. दोन्ही ड्राइव्हही शाबूत होते. बिघाड तिसरीकडेच होता, आणि तो शोधायला एक रुपयाही लागला नाही. अशा डिस्का गोव्यात घरोघरी आहेत: लग्नाच्या, मुंजीच्या, जत्रेतल्या नाटकांच्या. "चालत नाही" म्हणून त्या टाकून दिल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नाटकात पडदा उघडला नाही, तर नट आलेच नाहीत असं आपण म्हणत नाही. कदाचित घंटा वाजली नसेल, कदाचित दोरी अडकली असेल. डिस्कचं तसंच आहे. "आपोआप सुरू होणं" हे एक काम नसून एकामागून एक होणारी निदान पाच कामं आहेत. ड्राइव्हने डिस्क ओळखायची. मग विंडोजला कळवायचं की नवी डिस्क आली. विंडोजने डिस्कवर काय आहे ते तपासायचं. त्या प्रकारच्या डिस्कचं काय करायचं हे तुम्ही काय सांगून ठेवलंय ते बघायचं. आणि शेवटी चित्र दाखवू शकेल असा प्रोग्राम उघडायचा. यातला कुठलाही एक जण थांबला तरी तुम्हाला दिसतं ते सारखंच: काहीच नाही.

म्हणून पहिली तपासणी एकच, आणि ती चुकवू नका. आपोआप सुरू होत नाही ना, मग हाताने सुरू करून बघा. डिस्क आत असताना फाइल एक्स्प्लोररमध्ये "धिस पीसी" उघडा. ड्राइव्हचं चित्र दिसतं का? त्याच्याखाली डिस्कचं नाव आलंय का? ड्राइव्हवर उजवं बटण दाबून "ओपन" म्हटलं की आतली फोल्डरं दिसतात का? फोल्डरं दिसली तर ड्राइव्ह वाचतोय आणि डिस्कही जिवंत आहे. मग बिघाड नंतरच्या पायऱ्यांवर, म्हणजे सेटिंगात किंवा प्रोग्रामात. ड्राइव्ह दिसतो पण "डिस्क घाला" असं सांगतो, तर संशय डिस्कवर किंवा ड्राइव्हच्या भिंगावर. आणि ड्राइव्हच दिसत नसेल, तर आधी वायर आणि वीज बघायची. दुकानात हे एक मिनिटाचं काम कोणी केलं असतं तर मामांचे पैसे वाचले असते.

मामांच्या लॅपटॉपवर मी ओपन म्हटलं आणि "व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर दिसलं. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. "मामा, नाटक आत आहे," मी म्हटलं. ते तिथेच खुर्चीवर बसले.

त्या फोल्डरच्या नावाला महत्त्व आहे. विंडोज डिस्कवर सिनेमा "बघत" नाही, ते फोल्डरांची नावं बघतं. वरच्याच पातळीवर व्हिडिओ टीएस असेल तर ती डीव्हीडी सिनेमा. "एमपीईजीएव्ही" असेल तर ती व्हीसीडी, म्हणजे एक सिनेमा दोन-तीन डिस्कांत विभागून यायचा त्या काळातली. "बीडीएमव्ही" असेल तर ब्लू-रे. आणि यातलं काहीच नसून नुसत्या एमपी4 फाइली असतील, तर विंडोजच्या लेखी ती डीव्हीडी सिनेमा नाहीच, ती फाइली ठेवलेली साधी डिस्क. अलीकडे बरेच व्हिडिओवाले लग्नाचं चित्रण एमपी4 करूनच डिस्कवर देतात. मग डीव्हीडी सिनेमाचं सेटिंग कितीही नीट केलं तरी त्या डिस्कला ते लागू होत नाही, आणि माणूस हैराण होतो. तिथे फाइलवर दोनदा क्लिक करायचं, एवढंच.

आता सेटिंग. विंडोजमध्ये या सोयीचं नाव ऑटोप्ले. नव्या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्लेचं एक पान आहे, पण तिथे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाचंच विचारतात. डिस्कचा सगळा पसारा अजून जुन्या कंट्रोल पॅनलमध्येच आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत कंट्रोल पॅनल टाइप करा, वरच्या कोपऱ्यातून लहान आयकॉन निवडा, म्हणजे यादीत ऑटोप्ले सापडेल. सगळ्यात वर "यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस" असा चौकोन आहे, त्यात खूण हवी. खाली डीव्हीडी मूव्ही, व्हिडिओ सीडी, ब्लू-रे मूव्ही अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. ज्या ओळीपुढे "टेक नो अॅक्शन" लिहिलेलं असेल, त्या प्रकारची डिस्क घातल्यावर विंडोज मुद्दाम गप्प बसतं. कधीतरी डिस्क घातल्यावर खिडकी उघडते आणि घाईत कोणीतरी "काही करू नको" वर बोट ठेवतं. विंडोज ते कायमचं लक्षात ठेवतं. तिथे हवा तो प्रोग्राम निवडा, किंवा "आस्क मी एव्हरी टाइम". कुणी काय बदलून ठेवलंय ते उमगत नसेल तर पानाच्या तळाशी "रिसेट ऑल डिफॉल्ट्स" आहे, ते दाबून कोऱ्या पाटीपासून सुरुवात करा.

डीव्हीडी मूव्हीच्या ओळीत निवडायला चांगला प्रोग्रामच नसेल तर? मामांच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं होतं, आणि मला वाटतं आज बहुतेक घरांत हेच होतं. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-2 नावाच्या पद्धतीने दाबून बसवलेलं असतं. ते उलगडणारा भाग विंडोज 7 च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत आधीच घातलेला असायचा. त्या प्रत्येक प्रतीमागे परवान्याचे पैसे मोजावे लागत, आणि लॅपटॉपांतून डिस्क ड्राइव्ह नाहीसे होऊ लागले होते. म्हणून 2012 च्या विंडोज 8 पासून तो भाग काढून टाकला गेला. विंडोज 10 आणि 11 मध्येही तो नाही. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर जे सहज चालायचं ते नव्यावर न चालणं हा बिघाड नव्हे. ती वस्तूच तिथे ठेवलेली नाही. विंडोजच्या स्टोअरमध्ये डीव्हीडी लावण्यासाठी विकतचं ॲप मिळतं, पण मी घरच्यांना ते घ्यायला सांगत नाही.

मी व्हीएलसी घालतो. फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेचा हा प्रोग्राम पूर्ण फुकट आहे आणि डीव्हीडी उलगडण्याची सोय त्यातच आहे. फक्त तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. त्याच्या नावाने नको ते गळ्यात मारणारी पानं खूप आहेत. बसवताना पर्यायांच्या यादीत "डिस्क्स प्लेबॅक" ची खूण असते, ती काढू नका. तिच्यामुळेच ऑटोप्लेच्या यादीत व्हीएलसीचं नाव येतं. मग परत कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन डीव्हीडी मूव्हीसमोर व्हीएलसी निवडायचा. हाताने लावायचं तर व्हीएलसीत कंट्रोल आणि डी ही बटणं एकत्र दाबा, डिस्क उघडायची खिडकी येते. घरगुती डिस्कवरचा सुरुवातीचा मेनू कधी कधी अर्धवट बनवलेला असतो आणि तिथेच गाडी अडते. त्याच खिडकीत "नो डिस्क मेनूज" वर खूण केली की मेनू वगळून थेट चित्र सुरू होतं.

मामांच्या लॅपटॉपवर एवढं केल्यावर डिस्क बाहेर काढून पुन्हा घातली. या वेळी नाटक स्वतःहून सुरू झालं.

प्रोग्राम आहे, सेटिंग बरोबर आहे, हाताने सिनेमा लागतोही, पण डिस्क घातल्यावर मात्र काही होत नाही, असंही असतं. तेव्हा निरोप पोचवणारा गडी झोपलेला असतो. विंडोजच्या पोटात "शेल हार्डवेअर डिटेक्शन" नावाची सेवा अखंड चालू असते, नवी डिस्क आल्याची वर्दी तीच ऑटोप्लेला देते. शोधपट्टीत सर्व्हिसेस टाइप करून यादी उघडा, ही सेवा शोधा, ती बंद असेल तर सुरू करा आणि सुरू होण्याचा प्रकार "ऑटोमॅटिक" ठेवा. कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारे प्रोग्राम अशा सेवा परस्पर बंद करतात. आणखी एक खूण लक्षात ठेवा: डिस्क बदलली तरी एक्स्प्लोररमध्ये जुन्याच डिस्कचं नाव दिसत राहतं आणि एफ5 दाबल्यावरच बदलतं. याचा अर्थ डिस्क बदलल्याचा निरोपच मुळात बंद केलेला आहे. तो रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीतल्या, सीडीरॉमच्या नोंदीत चालू-बंद होतो. तिथली ऑटोरन नावाची किंमत 1 हवी. रजिस्ट्रीत मात्र माहितगार माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.

पेन ड्राइव्ह लावल्यावरही पूर्वीसारखं काही आपोआप उघडत नाही, ते का, असं मामींनी विचारलं. त्याची हकीकत वेगळी आहे. विंडोज 95 पासून डिस्कवर "ऑटोरन डॉट आयएनएफ" नावाची चिठ्ठी ठेवायची सोय होती. डिस्क लागली की चिठ्ठीत लिहिलेला प्रोग्राम सुरू व्हायचा. पुढे हीच चिठ्ठी पेन ड्राइव्हवर ठेवून व्हायरस पसरवले गेले. 2008 च्या नोव्हेंबरात सापडलेला कॉन्फिकर पसरण्याचा एक रस्ता तोच होता. त्यावर विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हसाठी ही चिठ्ठी वाचणं बंद झालं, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये एक्सपी आणि व्हिस्टा या त्याआधीच्या विंडोजवरही अपडेटमधून ते बंद केलं गेलं. सीडी-डीव्हीडीला ही बंदी लागू नव्हती, कारण छापलेल्या डिस्कवर व्हायरस स्वतःला लिहून घेऊ शकत नाही. त्यामुळे "सिक्युरिटीमुळे डीव्हीडी चालत नाही" असं कोणी सांगितलं तर ते अपुरं आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र ऑटोप्ले वरूनच बंद केलेलं असू शकतं, आणि तिथे ते तसंच राहू द्यावं.

नाटक संपल्यावर मामींनी आणखी दोन डिस्का आणल्या. एक सिनेमाची विकतची डिस्क, मावसभावाने आखातातून आणलेली. ती व्हीएलसीतही लागेना. सिनेमावाल्यांनी जगाचे विभाग पाडून डीव्हीडीला विभागाचा आकडा दिलेला असतो: भारत 5 मध्ये, आखाती देश आणि युरोप 2 मध्ये. ड्राइव्हलाही आकडा असतो. दोन्ही जुळले नाहीत तर विकतच्या डिस्कवर नक्कल रोखायला घातलेल्या कुलपाची किल्लीच ड्राइव्ह देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये विभागाचं पान असतं, तिथे आकडा बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर जो असेल तो कायमचा. पोर्तुगालहून, इंग्लंडहून, आखातातून डिस्का येतात अशा आपल्याकडच्या घरांत हे पाच बदल सहज उडून जातात, म्हणून एका सिनेमासाठी ते खर्चू नका. घरी किंवा गावात केलेल्या चित्रणाला असं कुलूप आणि आकडा बहुतेक नसतोच.

दुसरी डिस्क मामांच्या लग्नाची. तिच्यावर पांढुरके ठिपके होते, आणि आत घातल्यावर ड्राइव्ह थांबून थांबून गुरगुरत राहिला. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत जी ओल असते तिने कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तशी डिस्कलाही येते. डीव्हीडीवर माहितीच्या ओळी एकमेकींपासून मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही जवळ असतात. 650 नॅनोमीटर लांबीच्या लाटेचा लाल लेसर त्यांवरून परत येणारा उजेड वाचतो. मधे ठिपका आला की ओळ हरवते.

पुसायचं कसं, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण ताट पुसल्यासारखं गोल गोल पुसतात. माहिती गोल ओळींतच लिहिलेली असते, त्यामुळे गोल पुसताना पडलेला ओरखडा एकाच ओळीचा लांबलचक तुकडा खातो. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसलं तर ओरखडा पडला तरी प्रत्येक ओळ थोडीशीच कापली जाते, आणि तेवढं नुकसान भरून काढण्याइतकी जादा माहिती डिस्कवर मुद्दाम लिहिलेली असते. मऊ सुती कापड घ्या, साधं पाणी चालेल, हट्टी डाग असेल तर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल. टूथपेस्ट नको, नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर अजिबात नको, ते प्लास्टिक खातं. आणि मे महिन्यात अंगणात सोलां, म्हणजे कोकमाची सालं, वाळत घालतो तशा डिस्का उन्हात घालू नका. घरी लिहिलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन आणि उष्णता तो रंग विटवतात आणि एकदा विटला की पुसून काही परत येत नाही. पावसाळ्यात डिस्का घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवाव्यात. डिस्कवर कागदाचं लेबल चिकटवू नका. ओल धरून ते वाकतं आणि जोरात फिरताना डिस्क थरथरते.

भिंगावरही धूळ बसते. बाहेरून जोडायच्या पातळ ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेवरच समोर दिसतं. हवेच्या रबरी फुग्याने आधी धूळ उडवा, मग कापसाच्या काडीला अगदी जरासं अल्कोहोल लावून हलकेच टेका. सीडी लागते पण डीव्हीडी लागत नाही, असं असलं तर चक्रावून जाऊ नका: सीडीचा लेसर 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650 चा, आणि एक थकला तरी दुसरा काम करत राहतो. एसीच्या खोलीतून ड्राइव्ह बाहेरच्या दमट वसरीत आणला तर भिंगावर बाष्प धरतं, तासभर थांबून मग लावा.

वीज राहिली. यूएसबी 2 च्या खाचेतून जास्तीत जास्त 500 मिलिअँपिअर मिळतात, आणि डिस्कला फिरण्यासाठी पहिला झटका देताना काही ड्राइव्हना तेवढे पुरत नाहीत. ड्राइव्ह टिक टिक करून परत परत सुरू होत असेल तर तो हबमध्ये, म्हणजे एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या डबीत, न लावता थेट लॅपटॉपला लावा. दोन टोकांची वायर आली असेल तर दोन्ही टोकं लावा.

लग्नाची डिस्क पुसल्यावर पहिली एकेचाळीस मिनिटं चालली आणि तिथे अडकली. नाटकाची मात्र त्याच संध्याकाळी नक्कल केली. त्यासाठी काही खास लागत नाही. घरच्या डिस्कला कुलूप नसेल तर व्हिडिओ टीएस हे अख्खं फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर ठेवायचं. एका थराची डीव्हीडी 4.7 जीबीची, त्यामुळे 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवरही मावते. आतल्या चित्राच्या फाइली 1 जीबीच्या आतच तोडलेल्या असतात, म्हणून जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हही तक्रार करत नाही. व्हीएलसीत ते फोल्डर उघडलं की मेनूसकट सगळं चालतं. आम्ही तीन प्रती केल्या: मामांकडे एक, माझ्याकडे एक, आणि पुण्याच्या मावशीला एक.

एक ड्राइव्ह जिथे अडतो तिथून दुसरा कधी कधी पुढे वाचतो. म्हणून लग्नाची डिस्क मी माझ्याकडे घेऊन आलो आहे. इथे माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर ती पासष्टाव्या मिनिटापर्यंत गेली. आता म्हापशाच्या मित्राकडचा ड्राइव्ह मागितला आहे.